दाहयुक्त पुरळ आणि दोन घागरी जादा

नरसिंगराव जोंधळे यांनी नोकरीच्या बावीस वर्षांत दुसऱ्यांचे हजारो अर्ज आवकेत नोंदवून घेतले. घरासाठी म्हणून त्यांनी एकच अर्ज केला, तोही दोन घागरी पाण्याचा, आणि त्यापायी लातुरातल्या एका अख्ख्या गल्लीचं पाणी नऊ दिवस बंद पडलं.

अर्ज लेकीसाठी होता. नेमकं सांगायचं तर लेकीच्या गालांसाठी.

पंचशीला अठरा वर्षांची. बारावी सायन्स पास होऊन तिनं नांदेडला नर्सिंगसाठी फॉर्म भरला होता, मुलाखत दिली होती आणि आता ती पोस्टमनची वाट पाहत होती. मुरूम तसे तिला दहावीपासूनच होते. पाहुण्यासारखे येत, चार दिवस राहत, जात. त्या वर्षी मात्र मृग कोरडा गेला, आर्द्राही कोरड्या चालल्या, आणि मुरमांनी दोन्ही गाल, कपाळ आणि हनुवटी अशा चारही ठिकाणी बिऱ्हाड थाटलं. तिची आई सरजाबाई जात्यावरच्या गाण्यात वाढलेली. टँकरच्या रांगेत उभं राहून पाय दुखायला लागले की तिच्या तोंडून आपोआप ओवी निघे. तशी तीही निघाली:

लेकीच्या गं गाली उठली मोहरी,
टँकरच्या वाटी उभी मी दुपारी.

रांगेतल्या बाया हसल्या. सरजाबाईही हसली. पण त्या दोन ओळींनी घरातली गोष्ट रांगेच्या मालकीची झाली, आणि रांगेकडं वेळ भरपूर होता.

पहिला सल्ला शेजारच्या साखराबाईंचा. त्यांचं शेत औशाकडं आणि बिऱ्हाड पोराच्या शिक्षणासाठी लातुरात. "पोटातली गर्मी हाय ही," त्या म्हणाल्या. "बेसन अन् हळद लावा, अन् रगडून काढा. रगडल्याबिगर निघत न्हाई."

"अय्यो, बेसन कशाला?" समोरच्या घरातल्या नीलम्मा निलंग्याच्या, त्यांचं मराठी कानडीच्या अंगणातून चालत येई. "आमच्यात ह्याला मोडवे म्हणतेत. कडुनिंबाचा पाला उकडा, अन् दिवसातून चार डाव तोंड धुवा. घाण हाय ती, दुसरं काय."

कचेरीतले अव्वल कारकून भुजंगराव यांना बोलण्याची काटकसर होती. त्यांनी फायलीतून मान वर न करता सांगितलं, "लिंबू." आणि थोड्या वेळानं, "अर्धं."

सगळे उपाय झाले. बेसन रगडून झालं, पाला उकडून झाला, लिंबू तर असं झोंबलं की पंचशीला तासभर पुस्तकानं वारा घेत बसली. पंधरा दिवसांत मोहरीचे हरभरे झाले. लाल, टणक, आणि दोन-चारांच्या टोकाला पिवळं. आणि या सगळ्या उपायांना लागत होतं पाणी. टँकर तिसऱ्या दिवशी येई, घरटी सहा घागरी देई. बेसन धुवायला एक तांब्या, पाला उकडायला एक पातेलं, वर चार डाव तोंड. एके दिवशी सरजाबाईनं वरण शिजत टाकलं आणि डेऱ्यात हात घातला, तर तळच हाताला लागला.

"बाबा, हे धुवून जाणारं न्हाई," पंचशीला म्हणाली. "पुस्तकात वाचलंय मी. कातडीच्या आत दाह होतो."

"दाह म्हंजी गर्मीच की."

"गर्मी न्हाई. सूज, लाली, ठणका. शरीर आतल्या आत भांडायलंय. वरून पाणी मारून काय होणार?"

नरसिंगरावांनी मान हलवली, पण त्यातलं त्यांना एकच कळलं आणि आवडलं: दाह. चांगला शब्द होता. मसुद्यात शोभून दिसेल असा.

इथं कचेरीबद्दल थोडं सांगायला हवं. जिल्हा नवा होता. पाट्यांवरचा रंग अजून बोटाला लागत होता. शाखा भाड्याच्या खोल्यांत विखुरलेल्या, आणि जुन्या जिल्ह्यातून फायली अजून पोत्यांत बांधून येत होत्या. नरसिंगराव मूळचे मुदखेडकडचे. नव्या जिल्ह्यात बढती लवकर मिळते असं कुणीतरी सांगितलं, म्हणून नांदेडची कचेरी सोडून आपण होऊन इकडं आले. त्यांना आवक-जावकचं टेबल मिळालं आणि बढती वाटेतच कुठंतरी राहिली. पण नव्या कचेरीला नव्या नवरीचा उत्साह होता. प्रत्येक शाखेला काहीतरी करून दाखवायचं होतं.

त्या टेबलावर बसून एका दुपारी नरसिंगरावांनी अर्ज लिहिला. स्वतःच्या घरासाठी जादा पाणी मागायचं म्हणजे माणूस पदाचा फायदा घेतो असं दिसलं असतं. त्यात लेकीचं नाव सरकारी कागदावर, तेही तोंडावरच्या पुरळासाठी! उद्या तिला बघायला पाहुणे आले तर? तेव्हा त्यांनी बावीस वर्षांचा अनुभव पणाला लावून असा मसुदा केला:

"सविनय सादर करण्यात येते की, या गल्लीतील काही तरुण रहिवाशांच्या चेहऱ्यावर दाहयुक्त पुरळ उठत असून ते वारंवार धुणे अगत्याचे असल्याने पाणीपुरवठ्यात प्रत्येक घरी दोन घागरींची वाढ व्हावी."

खाली सही केली. सही अशी केली की ती सही आहे एवढंच कळावं. मग तो अर्ज त्यांनी स्वतःच आवकेत नोंदवला, स्वतःच त्यावर 'तातडीचे' असा तांबडा शिक्का मारला आणि टंचाई शाखेकडं रवाना केला. घरी आल्यावर त्या संध्याकाळी ते गुणगुणत होते, असं सरजाबाईनं नंतर सांगितलं.

टंचाई शाखेतल्या कारकुनानं अर्ज वाचला आणि सवयीप्रमाणं समासात लिहिलं, "सदर पुरळ पाण्यामुळे किंवा कसे?" हे 'किंवा कसे' सरकारी लेखणीतून आपोआप गळतं, त्यात कुणाचं वाईट चिंतलेलं नसतं. पण कागद पुढच्या टेबलावर गेला, आणि विचारलं आहे म्हटल्यावर उत्तर देणं आलं. उत्तर आलं, "पाण्यामुळे असण्याची शक्यता नाकारता येत नाही." त्याच्या पुढच्या टेबलावर 'साथसदृश' हा शब्द जन्माला आला. शेवटच्या टेबलावरच्या साहेबांनी लिहिलं, "खबरदारीचा उपाय म्हणून टँकर तूर्त थांबवावा." तांबड्या शिक्क्यामुळं हे सगळं दोन दिवसांत झालं. एरवी महिना लागला असता, आणि महिन्याभरात पाऊसही आला असता.

तिसऱ्या दिवशी गल्ली घागरी घेऊन उभी होती. टँकर आला नाही, जीप आली. जीपमधून तिघं उतरले. त्यांनी प्रत्येक दारावर गेरूनं आकडा काढला आणि बारा ते पंचवीस वयाच्या सगळ्या पोरापोरींना उन्हात उभं करून त्यांचे चेहरे तपासले. आता त्या वयाच्या कुठल्याही पोराला उन्हात धरून बघा. कुणाच्या कपाळावर दोन, कुणाच्या नाकावर एक. साखराबाईंच्या मुंजाजीनं तर पावडरचा थर देऊन अख्खी हनुवटी झाकली होती, ती ओल्या कापसानं उघडी पडली. एका गल्लीत अकरा रुग्ण निघाले. तिघांनी एकमेकांकडं बघितलं. साथ सिद्ध झाली होती.

टँकरमधल्या पाण्याचा नमुना बाटलीत भरला. तो तपासायची सोय नव्या जिल्ह्यात अजून नव्हती. जुन्या जिल्ह्यानं, तुम्ही आता आमचे नाहीत, असं कळवून बाटली परत पाठवली. मग ती आणखी लांब गेली. अहवाल येईपर्यंत पाणी बंद.

दीड मैलावरच्या विहिरीला तळाशी पिवळं पाणी होतं. गल्ली तिकडं जाऊ लागली. जीपवाल्यांनी कुणाच्या तरी अर्जाचं बोलून ठेवलं होतं, त्यामुळं जाता-येता एकच विषय.

"कोन मुडदा अर्ज केला म्हनावं?" साखराबाई विचारायच्या.

"बिनडोक माणूस असेल कुणीतरी," नरसिंगराव म्हणायचे, आणि दोन्ही हातांतल्या बादल्या खाली ठेवून मान हलवायचे. पाचव्या-सहाव्या दिवशी ते इतके तावातावानं बोलायला लागले की नीलम्मा म्हणाल्या, "बस करा सायब. जित्राप बी एवढं हंबरत न्हाई."

आठव्या दिवशी पोस्टमन आला. पंचशीलाची निवड झाली होती. दहा तारखेला नांदेडला हजर व्हायचं, सोबत सरकारी डॉक्टरचा दाखला: कोणताही सांसर्गिक त्वचारोग नाही. सरजाबाईनं घरात असलेली मूठभर साखर वाटली. पंचशीला केस विंचरून दवाखान्यात गेली आणि अर्ध्या तासात परत आली.

"दाखला मिळत न्हाई," ती उंबऱ्यावरच बसली. "तिथल्या कारकुनाजवळ यादी हाय. आपली गल्ली यादीत हाय. म्हणाला, अहवाल आल्याबिगर या गल्लीतल्या कुणालाच दाखला न्हाई."

"अहवाल कधी येणार?"

"महिना, म्हणाला. आज आठ तारीख हाय बाबा. परवा न्हाई गेले तर जागा दुसरीला जाईल."

नरसिंगराव छताकडं बघू लागले, आणि छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

"यादीला अर्जाची नक्कल जोडलीय, ती त्यानं मला दाखवली," पंचशीला म्हणाली. आवाज साधा होता, त्यामुळंच जास्त लागला. "त्यात 'दाहयुक्त' लिहिलंय. या गल्लीत हा शब्द मी एकाच माणसाला सांगितला होता."

चुलीवर काहीतरी उतू गेलं, तरी सरजाबाई उठली नाही. "अवो," ती म्हणाली, "तुमी?"

नरसिंगराव तसेच चपला अडकवून भुजंगरावांच्या घरी गेले. सगळं सांगितलं. भुजंगरावांनी ऐकून घेतलं, पानाला चुना लावला आणि आयुष्यातलं बहुधा सगळ्यांत लांब वाक्य बोलले. "अर्ज मागं घेता येतो, जोंधळे. साथ मागं घेता येत न्हाई." मग दया आली असावी. "डॉक्टरचा लेखी अभिप्राय घ्या. साथ न्हाई म्हणून. पण त्याला मूळ रुग्ण लागतो. नावानिशी."

"नावानिशी?"

"अन् अर्जदार बी. वाचता येईल अशा सहीनिशी."

परत येताना नरसिंगरावांना वाट लांब वाटली. दारात पंचशीला कागद-पेन घेऊन उभी होती. "लिहा," ती म्हणाली.

"अगं, सरकारी फाईल हाय ती. जन्मभर राहील त्यात. उद्या कुणी—"

"माझं तोंड मी रोज घेऊन हिंडते बाबा. ते काय लपलेलं हाय का? लिहा. न्हाई तर मी लिहिते."

तिनंच पुढं होऊन गल्लीतही सांगितलं. संध्याकाळी बाया विहिरीवरून येत होत्या, डोक्यावर घागरी होत्या. पंचशीला वाटेत उभी राहिली आणि म्हणाली की अर्ज आमच्या घरातून गेला, माझ्यासाठी गेला, उद्या सकाळी आम्ही डॉक्टरकडं जाऊन साथ न्हाई असं लिहून आणणार हाव. नरसिंगराव तिच्या मागं होते. त्यांची उंची त्या दिवशी चार बोटं कमी भरली असती.

साखराबाईंनी घागर उतरवली. त्या ओरडतील असं सगळ्यांना वाटलं, आणि त्या ओरडल्याच.

"आठ दिस! आठ दिस मान मोडून पाणी आणायले मी! अन् हे बाबा माझ्यासंगं उभं राहून अर्जवाल्याला शिव्या द्यायले!" मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "दोन घागरींसाठी सरकारकडं कशाला गेलाव, सायब? भिंतीला भिंत हाय. मला मागितल्या असत्या तर दिल्या नसत्या का मी?"

याचं उत्तर नरसिंगरावांजवळ होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. त्यांचे वडील ग्यानोबा गावच्या विहिरीपासून वीस पावलांवर घागर ठेवून उभे राहायचे. कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा, नाही आली तर ऊन चढेपर्यंत उभं राहायचं. पाच-सहा वर्षांचे नरसिंगराव त्यांच्या धोतराला धरून उभे असायचे. पुढं धर्म बदलला, शाळा झाली, नोकरी लागली, आणि त्यांनी मनाशी ठरवलं की पाणी कुणा माणसाला मागायचं नाही. सरकारला मागायचं. सरकारकडं मागणं हक्काचं असतं, तिथं माणूस उभा राहत नाही, अर्ज उभा राहतो.

"चुकलं माझं," एवढंच ते म्हणाले.

साखराबाईंनी घागर परत डोक्यावर घेतली. "उद्या किती वाजता जायचं?"

"कुठं?"

"डाक्टरकडं. एकट्या पोरीचं नाव लिहून ते ऐकतील व्हय? म्हनतील बाकीचे धा कुठंयत. माझ्या मुंजाजीला बी आणते. मला टँकर पाहिजे."

सकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात अकरा रुग्ण, त्यांच्या अकरा आया आणि नरसिंगराव असा जमाव होता. डॉक्टर मल्लिकार्जुन उदगीरकडचे. शांत माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी एकेकाचा चेहरा खिडकीच्या उजेडात बघितला. पंचशीलाचा सगळ्यांत जास्त वेळ.

"काय काय लावलं?" त्यांनी विचारलं.

तिनं यादी सांगितली. लिंबावर डॉक्टरांनी डोळे मिटले.

"बघा," ते सगळ्यांना म्हणाले, "हे मुरूम हायत. एकाचे दुसऱ्याला लागत न्हाईत. कातडीखाली तेलाच्या बारीक पिशव्या असतात. वयात आलं की त्या जोरात कामाला लागतात. एखादीचं तोंड बुजलं की तेल आत अडकतं. तिथं जंतू असतात, पण ते तुमच्या-माझ्या सगळ्यांच्याच कातडीवर असतात, त्यांचं एवढं काही न्हाई. खरी गडबड त्याच्या पुढं हाय. शरीराला वाटतं शत्रू आला. ते तिथं रक्त पाठवतं, लढणाऱ्या पेशी पाठवतं. त्या गर्दीनं जागा फुगते, लाल होते, ठणकते, पू धरते. त्याला दाह म्हणायचं. तुम्हाला वर दिसते ती घाण न्हाई, ती आतली धावपळ हाय. कधी कधी तर वर काही दिसायच्या आधीच आत धावपळ सुरू झालेली असते."

"मंग रगडल्यावर?" साखराबाईंनी जरा हळूच विचारलं.

"रगडल्यावर शरीर म्हणतं, खरंच हल्ला झाला. आणखी माणसं पाठवा."

साखराबाईंनी नरसिंगरावांकडं बघितलं. "म्हंजी जीप," त्या म्हणाल्या.

व्हरांडा हसला. पंचशीलाही हसली, गाल ओढले जाऊन तिला दुखलं, तरी हसली. नरसिंगराव हसले नाहीत, पण त्यांना दाह म्हणजे काय ते त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

"अन् डाग?" पंचशीलानं विचारलं. इतके दिवस तिनं हे कुणालाच विचारलं नव्हतं.

"दाह जितका जास्त अन् जितके जास्त दिवस, तितकी डागाची भीती. म्हणून फोडायचं न्हाई, कुरवाळायचं न्हाई, बोट लावायचंच न्हाई. सकाळ-संध्याकाळ साध्या पाण्यानं तोंड धुवायचं, रात्री मलम लावायचं. तीन महिने धीर धरायचा. जातील, परत येतील. परत आले तरी हेच करायचं."

"पाणी किती लागंल?" नरसिंगरावांनी विचारलं. सवय जात नाही.

"एक तांब्या."

"दोन घागरी...?"

"एक तांब्या," डॉक्टर म्हणाले.

मग जबाब लिहायचा होता. नरसिंगरावांनी टाक धरला तसं पेन धरलं. 'मूळ रुग्ण' लिहिलं आणि हात थांबला. पंचशीला शेजारी उभी होती. त्यांनी लिहिलं, "कु. पंचशीला नरसिंग जोंधळे, माझी मुलगी." खाली सही केली. बावीस वर्षांत त्यांची इतकी सुवाच्य सही कुणी पाहिली नव्हती. त्याखाली बाकीची दहा नावं चढली. मुंजाजीनं स्वतःचं नाव फारच बारीक लिहिलं, तेव्हा साखराबाईंनी त्याच्या डोक्यात टपली मारून ते परत मोठं लिहायला लावलं.

अभिप्राय घेऊन भुजंगराव स्वतः टेबलांवरून हिंडले. एकेका टेबलावर कागद ठेवायचे आणि म्हणायचे, "मुरूम." कारकून वाचायचा, आपल्या पोरांची आठवण व्हायची, सही करायचा. दुपारी चारला गल्लीचं नाव यादीतून निघालं. साडेचारला पंचशीलाच्या हातात दाखला पडला: "चेहऱ्यावर मुरूम आहेत. सांसर्गिक नाहीत. प्रशिक्षणास हजर होण्यास पात्र." संध्याकाळी टँकर आला. सरजाबाई रांगेत होती, पण त्या दिवशी तिनं ओवी म्हटली नाही. बायांनी आग्रह केला तर म्हणाली, "नगं बाई. लई दूर जातंय ते."

दहा तारखेला पहाटे नांदेडची एस.टी. होती. नरसिंगराव ट्रंक घेऊन सोडायला गेले. सरजाबाईनं भाकरी बांधून दिल्या होत्या. गाडी लागली, पंचशीला खिडकीशी बसली, तिनं काच वर केली.

उगवतीचा उजेड सरळ तिच्या तोंडावर आला. नरसिंगरावांना दिसलं, हनुवटीच्या डाव्या बाजूला एक नवा उठला होता. रात्रीतून आला असावा. लाल होता आणि चांगला ठसठशीत होता. त्यांचं तोंड उघडलं. हात खिडकीपर्यंत गेला. पंचशीला त्यांच्याकडं बघत होती. त्यांनी काय पाहिलंय ते तिला कळलं होतं, आणि ती वाट बघत होती.

नरसिंगरावांनी हात मागं घेतला आणि सदऱ्याच्या खिशात घातला.

"पोचलीस की पत्र टाक," ते म्हणाले.

"हाव बाबा."

गाडी हलली. समोर आलेल्या बाबीवर कसलीही कार्यवाही न करण्याची नरसिंगराव जोंधळे यांची ती पहिलीच वेळ होती. खिशातला हात गाडी वळेपर्यंत त्यांनी तसाच घट्ट धरून ठेवला.